सर्पदंशाचा आराखडा आणि आमचे आरोग्य केंद्र: केंद्रीय आरोग्य मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

पत्र मराठीत लिहीत आहे. आपल्या मंत्रालयाचे सध्याचे राज्यमंत्री बुलढाण्याचे, तेव्हा ते वाचून सांगणारे माणूस घरातच आहे. मी तळकोकणात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. मंत्रालयाने सार्वजनिक आरोग्याला दिशा कशी द्यावी यावर मोठमोठे अहवाल झाले. १९४६ सालचा भोर समितीचा अहवाल तर आजही काढून वाचावा असा आहे. मी त्या वाटेला जात नाही. मला ज्यातले थोडेफार कळते त्या एकाच गोष्टीबद्दल लिहितो: सर्पदंश. दिल्लीचे मार्गदर्शन कुठवर पोचते आणि कुठे अडकते, हे त्यात फार उघडे दिसते.

१२ मार्च २०२४ रोजी आपल्या मंत्रालयाने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३०पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू आणि येणारे अपंगत्व निम्म्यावर आणायचे, असे त्यात ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले आणि २०१९मध्ये हेच निम्म्याचे उद्दिष्ट ठेवले होते. जगातले जवळपास निम्मे सर्पदंशाचे मृत्यू ज्या देशात होतात त्याला आराखडा करायला आणखी पाच वर्षे लागली. असो, झाला हे चांगले झाले. मी तो वाचला. माणूस, जनावरे आणि परिसर यांचा एकत्र विचार त्यात आहे, वन खात्याला सोबत घ्यायची भाषा आहे. आराखड्याशी माझे भांडण नाही. तो छापला की दिल्लीचे काम संपले, पुढचे राज्यांनी बघावे, ही जी सवय आहे तिच्याशी आहे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे राज्य सूचीत येतात, हे मला ठाऊक आहे. आमच्या खात्यात ते शिपायालाही ठाऊक असते, कारण औषध नाही, पद भरलेले नाही, गाडीला डिझेल नाही, अशा प्रत्येक प्रसंगी कोणीतरी ते ऐकवतो. दिल्लीत विचारावे तर आरोग्य हा राज्याचा विषय. मुंबईत विचारावे तर राष्ट्रीय आरोग्य अभियानातला केंद्राचा ६० टक्के वाटा अजून यायचा आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये आमची सगळी नोकरी गेली. गंमत अशी की आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या पाटीवर कोणते नाव हवे आणि भिंतीला कोणता रंग हवा, यावरून याच मंत्रालयाला पश्चिम बंगाल आणि पंजाबचे पैसे अडवून धरता आले. म्हणजे मनात आणले तर हात पोचतो. भिंतीच्या रंगासाठी दाखवला त्याच्या निम्मा आग्रह इतर काही बाबतींत दाखवावा, एवढेच मागणे आहे. त्यातही राज्याला जमण्यासारखे आहे ते मी राज्याकडे मागेन. आपल्याकडे मागतो आहे ते राज्याने कितीही ठरवले तरी त्याला करता न येणारे.

पहिली गोष्ट विषाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची.

देशभर मिळणारी सापाची लस, आम्ही तिला एएसव्ही म्हणतो, चार सापांच्या विषावर बनते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोड्याला थोडे थोडे विष टोचत न्यायचे आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढायची, ही रीत शंभर वर्षांहून जुनी. परळच्या हाफकिनची लस सगळ्यांना माहीत आहे, नारायणगावकडेही ती बनते. म्हणजे कारखाने आमच्याकडे आहेत. विष मात्र बहुतांश तमिळनाडूतून येते. चेन्नईजवळ वडनेमेली येथे इरुला आदिवासींची सहकारी संस्था आहे, १९७८ साली स्थापन झालेली. पिढ्यानपिढ्या साप पकडणारी ही माणसे विष काढून घेतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. त्यांच्या कामाला नमस्कारच करायला हवा. त्यांच्यामुळे देशात लस आहे.

पण त्यांच्या मुलखातल्या घोणशीचे विष आणि आमच्याकडच्या किंवा राजस्थान-पंजाबकडच्या घोणशीचे विष सारखे नसते. जात एकच असली तरी प्रदेशानुसार विषाची घडण बदलते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ठिकठिकाणची विषे तपासून दाखवले आहे की बाजारातली लस काही प्रदेशांतल्या विषापुढे फारच तोकडी पडते. कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या जंगलात आढळणाऱ्या चापड्यांच्या विषावर तर ही लस मुळात बनवलेलीच नाही. रुग्णाच्या खाटेजवळ हे कसे दिसते ते सांगतो. घोणस चावलेल्या माणसाला लसीच्या दहा व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, दिल्या. सहा तासांनी तपासले तर रक्त अजून गोठत नाही. आणखी दहा दिल्या. तोवर लघवी कमी होऊ लागते, चेहरा सुजतो, आणि मग डायलिसिससाठी कोल्हापूर नाहीतर गोव्यात बांबोळी गाठायची. घरच्यांना वाटते डॉक्टरला जमले नाही. डॉक्टरला वाटते लस निकृष्ट होती. लस निकृष्ट नसेलही. ती दुसऱ्या मुलखातल्या सापाची असेल.

आता हे कोणी बदलायचे? भारतीय औषधकोशात लसीचे मानक दिलेले आहे: १ मिलिलिटर लसीने नागाचे ०.६, मण्यारीचे ०.४५, घोणशीचे ०.६ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करायला हवे. ते विष कोणत्या मुलखातल्या सापाचे असावे याचे बंधन नाही. हा औषधकोश काढणारा आयोग गाझियाबादला आहे आणि तो आपल्या मंत्रालयाखाली येतो. परवान्यांचे नियम ठरवणारी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना आपली. कसौलीची केंद्रीय औषध प्रयोगशाळाही आपली. महाराष्ट्राने उद्या ठरवले की रत्नागिरीच्या फुरशाचे, जुन्नरच्या घोणशीचे आणि मेळघाटातल्या मण्यारीचे विष गोळा करून लस बनवावी, तर सापाला हात लावायलाच १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी हवी, आणि त्या कायद्याचे मंत्रालय आपल्या शेजारी दिल्लीतच बसते. मुंबईचा सचिव या दारांवर किती वर्षे फिरणार? दोन केंद्रीय मंत्र्यांनी एका टेबलावर बसून सोडवण्याचे हे काम आहे. ते राज्याच्या माथी मारता येत नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. १९व्या शतकात इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्याला बक्षीस लावले होते. लोकांनी ती ढिगांनी मारून आणली, कचेरीत पैसे मोजून घेतले. फुरशी आजही गडग्यात आणि कातळावरच्या दगडांखाली सुखाने नांदत आहेत. हुकूम सुटला की प्रश्न सुटतो, हा भरवसा सरकारदरबारी जुनाच आहे.

दुसरी गोष्ट मोजणीची. निम्म्यावर आणायचे ते कशाच्या निम्म्यावर? सर्वांत भरवशाचा आकडा घरोघरी जाऊन मृत्यूचे कारण विचारणाऱ्या अभ्यासातून आलेला आहे: २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यात चौथ्या हिश्शाहून जास्त मुले पंधरा वर्षांखालची. मंत्रालयही वर्षाला सुमारे ५० हजार मृत्यू धरते, कारण सरकारी रुग्णालयांच्या नोंदींतले मृत्यू त्याच्या आसपासही जात नाहीत. उरलेली माणसे घरी, वाटेत, नाहीतर भगताच्या अंगणात जातात.

२०२४च्या नोव्हेंबरात आपल्या सचिवांनी राज्यांना पत्र पाठवून सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितले. पत्र बरोबर आहे. पण रोग सर्वेक्षणाच्या ‘पी’ फॉर्ममध्ये सर्पदंशाचा रकाना आधीपासून होताच. आरोग्य केंद्रात आलेला रुग्ण त्यात पडतो, न आलेला पडत नाही, आणि सक्ती केल्याने न आलेला येत नाही. त्याला शोधायला दुसरे कागद बघावे लागतील. महाराष्ट्रात शेतकरी सर्पदंशाने गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेतून वारसाला २ लाख रुपये मिळतात. तो अर्ज कृषी खात्याकडे असतो. पंचनामा पोलिसांकडे, शवविच्छेदनाचा अहवाल आमच्याकडे, मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीकडे. एका मरणाचे चार कागद चार कपाटांत, आणि ते शेजारी शेजारी ठेवून बघणे हे कोणाच्याच कामात लिहिलेले नाही. नुसते पैसे जोडून नोंद खरी होते असेही नाही. मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात मदतीची रक्कम उचलण्यासाठी एकेक माणूस कागदावर पुन्हा पुन्हा सर्पदंशाने मेल्याचे २०२५मध्ये उघडकीला आले. तिथे न मेलेले मोजले गेले, इतर सगळीकडे मेलेले मोजायचे राहतात. या चार कागदांची जुळणी कशी करायची याचा एकच नमुना दिल्लीने दिला, तर देशभर एका मापाने मोजता येईल. प्रत्येक राज्याने आपापले माप काढले तर २०३० साली निम्मे झाले की नाही हे ठरवणार कसे?

आता आरोग्य केंद्रातल्या रात्रीबद्दल.

सर्पदंशावरच्या उपचारांची आपल्या मंत्रालयाची प्रमाणित तत्त्वे आहेत आणि ती चांगली आहेत. २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घ्या, २० मिनिटे न हलवता ठेवा, मग नळी तिरकी करा. रक्त गोठलेले नसेल तर विष रक्तात भिनले. या तपासणीला वीज लागत नाही, तंत्रज्ञ लागत नाही. नळी मात्र काचेचीच लागते, प्लॅस्टिकच्या नळीत निदान फसते. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्हाला पुरवठा व्हायचा तो सगळा प्लॅस्टिकच्या नळ्यांचा. साधी काचेची नळी मागितली की भांडारातून उत्तर यायचे, ती यादीत नाही. शेवटी मी ती कॉलेजांना प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानातून आणायचो. किमतीचा प्रश्न नव्हता, यादीचा होता. तत्त्वे लिहिणाऱ्याने खरेदीची यादी कधी पाहिलेली नसते आणि यादी करणाऱ्याने तत्त्वे वाचलेली नसतात.

लसीचेही तसेच. पहिला डोस ८ ते १० व्हायलचा, आणि तो मोठ्या माणसाला जेवढा तेवढाच लहान मुलाला, कारण साप वय बघून विष सोडत नाही. हे नव्या डॉक्टरला आधी खरेच वाटत नाही. लस देताना काहींना जोराची ॲलर्जी होते: अंगावर गांधी उठतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. ॲड्रेनालिन भरून हाताशी ठेवायचे आणि लगेच द्यायचे. बहुतेक रुग्ण सावरतात. पुस्तकात हे चार ओळींत आहे. पण एमबीबीएस संपवून बाँडवर आलेला पोरगा, सोबत एक सिस्टर, बाहेर ओट्यावर अख्खी वाडी जमलेली, त्यातला एकजण सारखा आत डोकावून “डॉक्टर, जनावर मोठं होतं हो” म्हणतोय, आणि मोठे रुग्णालय घाटाच्या पलीकडे. त्याच्या खुर्चीत बसून बघा. लस न देता १०८मध्ये घालून पाठवले आणि रुग्ण वाटेत गेला, तर लोक म्हणतील आणायलाच उशीर झाला. लस दिली आणि गेला, तर डॉक्टरने मारला. अशा वेळी ‘रेफर’ लिहिणे सोपे असते. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१०चा कायदा आहे. त्याची प्रत मी केंद्राच्या भिंतीवर लावून ठेवली होती. ती वाचताना मी कोणाला पाहिले नाही.

या पोराच्या पाठीशी राज्याचे परिपत्रक पुरत नाही. विषबाधेची लक्षणे असतील तर रेफर करण्याआधी लसीचा पहिला डोस दिलाच पाहिजे, आणि तत्त्वांप्रमाणे तो देणाऱ्यावर निष्काळजीपणाचा ठपका येणार नाही, हे राष्ट्रीय पातळीवरून स्पष्ट लिहून यायला हवे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आपल्याच अखत्यारीत आहे. इंटर्नशिपमध्ये प्रत्येकाने प्रतिविषाचा एक तरी रुग्ण हाताळलेला असावा, अशी अट घालणे त्याला जड नाही. आराखड्यासोबत आपण हेल्पलाइन सुरू केली, तीही मोजक्या राज्यांत प्रायोगिक म्हणून, आणि महाराष्ट्र त्यात नव्हता. ती लोकांसाठी आहे, असू द्या. रात्री दोन वाजता त्या पोराला जाणत्या डॉक्टरशी बोलता येईल असा एक नंबर हवा.

मार्गदर्शन कसे करावे हे आपल्याच मंत्रालयाने एकदा उत्तम करून दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली. २०११मध्ये मंत्रालयाने तो देशभर घेतला. घेतला म्हणजे नुसते पत्र काढले नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जायचे, हे ठरवले. तिच्या पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ दिले. भेटी पुऱ्या केल्या की २५० रुपये ठरवले आणि काम तपासायला गटप्रवर्तक ठेवली. (त्या २५० रुपयांत आजच्या महागाईत काय येते, हे वेगळे भांडण आहे, आणि आमच्या आशाताई ते आझाद मैदानावर येऊन भांडतातच.) दिवस, वस्तू, पैसे आणि तपासणारे माणूस, चारही एकत्र आले म्हणून ते गावात उतरले. सर्पदंशाच्या आराखड्यात मी हे चार शोधत होतो.

वस्तूंचे मीच सांगतो. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पेटी: सुकवलेल्या पावडरीच्या लसीच्या वीस व्हायल, म्हणजे वीज गेली, फ्रिज बंद पडला तरी चिंता नाही, ॲड्रेनालिन, विषाने स्नायू लुळे पडले तर द्यायची निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन, काचेच्या परीक्षानळ्या, आणि अंबू बॅग, कारण मण्यार चावलेल्याचा श्वास वाटेत बंद पडतो आणि व्हेंटिलेटर मिळेपर्यंत हाताने श्वास देत राहिले तर तो जगतो. पेटी दरवर्षी मे महिन्यात उघडून तपासायची. देशातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये होतात. लावणी सुरू झाल्यावर निविदा काढून उपयोग नाही.

मण्यारीवरून आणखी एक. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश फारसा दुखत नाही, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या उघडत नाहीत. आश्रमशाळांतली मुले जमिनीवर झोपतात. ऊसतोडीच्या कोपीत, वीटभट्टीवर सगळेच जमिनीवर झोपतात. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढाच त्यावर उपाय आहे, आणि तो आरोग्य खात्याच्या बजेटमध्ये कुठेच बसत नाही. आदिवासी विकास आणि श्रम मंत्रालयाशी हे बोलायला आमचा तालुका आरोग्य अधिकारी जाऊ शकत नाही. आपण जाऊ शकता.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. लाल विंचवाच्या दंशावर त्यांनी रक्तदाबाची प्रॅझोसिन ही जुनी, स्वस्त गोळी वापरली आणि कोकणात विंचवाने होणारे मरण आटोक्यात आले. आमच्या पिढीतल्या डॉक्टरांनी तो फरक डोळ्यांनी पाहिला. औषध आधीपासून होते. ते केव्हा द्यायचे हे खालपर्यंत पोचले आणि देताना ते कपाटात होते, तेव्हा माणसे वाचली. सापाच्या बाबतीत मात्र औषधातच दुरुस्ती हवी आहे, आणि ती दुरुस्ती दिल्लीत अडकली आहे.

या पत्राला ‘आपले निवेदन आवश्यक कार्यवाहीसाठी राज्य शासनाकडे वर्ग करण्यात येत आहे’ असे उत्तर येऊ नये, ही विनंती. काचेच्या नळ्यांचे मी राज्याला सांगेनच. औषधकोशातले मानक बदलायला आणि आमच्याकडच्या सापांचे विष गोळा करण्याची परवानगी मिळवायला किती महिने लागतील, तेवढे आपण कळवावे.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी
जिल्हा रत्नागिरी